पहिला रेग्युलेटर: ज्याचा जोडीदार नंतर मिळेल असा

‘ओपन वॉटर कोर्स झाला, ॲडव्हान्स्ड झाला, आता स्वतःचा रेग्युलेटर घ्यायचाय. पुढे टेक डायव्हिंग करायचंच आहे, तर आत्ताच असा कुठला घेऊ की पुन्हा घ्यावा लागणार नाही?’ मी स्कूबा डायव्हिंग शिकवते आणि रेग्युलेटरची, म्हणजे सिलिंडरमधला गॅस श्वासाच्या दाबाला आणून तोंडापर्यंत पोचवणाऱ्या यंत्राची, सर्व्हिसिंगही करते, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे वर्गातूनही येतो आणि कामाच्या टेबलावरूनही. तुम्ही विचारलंत, म्हणून यावेळी नीट बसून लिहिते.

प्रश्नातला शेवटचा भाग आधी खोडून टाका. पुन्हा घ्यावा लागणारच आहे. टेकमध्ये, म्हणजे खोल, लांब किंवा गुहांमधल्या तांत्रिक डायव्हिंगमध्ये, पाऊल टाकलं की पाठीवर दोन जोडलेले सिलिंडर येतात आणि दोन्ही व्हॉल्व्हवर एकेक स्वतंत्र रेग्युलेटर बसतो. एक बिघडला तर त्याचा व्हॉल्व्ह बंद करायचा आणि दुसऱ्यावर श्वास घेत परत फिरायचं. मधल्या मॅनिफोल्डमुळे, म्हणजे दोन्हींना जोडणाऱ्या नळीमुळे, दोन्ही सिलिंडरमधला गॅस उरलेल्या रेग्युलेटरला मिळत राहतो. डीकम्प्रेशनसाठी, म्हणजे वर येताना शरीरात विरघळलेला वायू बाहेर पडू द्यायला थांबताना, ५० टक्के ऑक्सिजनचा सिलिंडर सोबत नेला तर त्याला तिसरा रेग्युलेटर. शुद्ध ऑक्सिजनही नेला तर चौथा. साइडमाउंट केलंत, म्हणजे सिलिंडर पाठीऐवजी अंगाच्या दोन्ही बाजूंना लावलेत, तरी दोन सिलिंडरना दोन लागतातच.

म्हणजे ‘टेकला पुरेल असा एक रेग्युलेटर’ अशी वस्तूच नसते. टेकला लागतात ते तीन-चार रेग्युलेटर, आणि ते शक्य तितके एकसारखे असलेले बरे. म्हणून मी विचारणाऱ्याला उलट विचारते: आज जो घेणार आहात, त्याचा जुळा भाऊ दोन-तीन वर्षांनी मिळेल का? त्याचे सुटे भाग मिळतील का? तो उघडून नीट बसवणारा माणूस तुमच्या आवाक्यात आहे का? या तिन्हींना ‘हो’ असेल तर बाकीचं बरंच जमून जातं. दुकानात मात्र चर्चा सुरू होते ती श्वास किती हलका लागतो, धातू कुठला, रंग कुठला इथून.

सर्व्हिसिंगला मी इतकं महत्त्व का देते, ते टेबलावर काय दिसतं त्यावरून सांगते. फर्स्ट स्टेज म्हणजे रेग्युलेटरचा सिलिंडरवर बसणारा भाग. तिचं काम एवढंच की सिलिंडरमधला २०० बारच्या आसपासचा दाब उतरवून तो भोवतालच्या दाबापेक्षा साधारण ९ ते १० बार जास्त ठेवायचा. हाच मधला दाब. तोंडात धरायची सेकंड स्टेज तो आणखी उतरवून, तुम्ही ओढाल तेव्हा आणि तेवढाच, भोवतालच्या दाबाला देते. रेग्युलेटर हातात आला की मी आधी बीसीडीच्या, म्हणजे तरंगणं सांभाळणाऱ्या जाकिटाच्या, इन्फ्लेटरच्या (हवा भरायच्या) नळीला मधल्या दाबाचा गेज लावते आणि सिलिंडर उघडते. काटा समजा साडेनऊवर थांबला. पर्ज, म्हणजे सेकंड स्टेजवरचं गॅस सोडायचं बटण, दाबला की काटा खाली पडतो, सोडला की झटक्यात परत साडेनऊवर. मग काहीही न करता नुसतं बघत बसायचं. काटा तिथेच खिळून राहिला तर व्हॉल्व्ह बंद ठेवणारी आतली सीट छान बसली आहे. साडेनऊचा दहा, दहाचा साडेदहा असा तो सरकत चालला, तर उच्च दाबाच्या सीटवर झीज झालेली आहे किंवा कण अडकला आहे. जरा वेळानं सेकंड स्टेज आपोआप फुसफुसायला लागते. बहुतेक सेकंड स्टेज अशा बनवलेल्या असतात की मागून दाब वाढला तर त्या उघडतात, बंद पडत नाहीत. त्यामुळे बिघाड झाला तरी गॅस वाया जातो, पण अडत नाही. (पोसायडन कंपनीच्या जेटस्ट्रीमसारख्या सर्वो व्हॉल्व्हच्या सेकंड स्टेज याला अपवाद. त्यांच्यासाठी जास्तीचा दाब सोडणारा वेगळा व्हॉल्व्ह लागतो, म्हणून त्या दुसऱ्या कंपनीच्या फर्स्ट स्टेजला मनानं जोडू नका.)

ही सीट म्हणजे मसुराच्या दाण्याएवढा प्लास्टिकचा तुकडा. तो बदलला की काटा पुन्हा खिळून राहतो. पण तो तुकडा त्याच मॉडेलचा लागतो आणि तो त्या दिवशी कपाटात असावा लागतो. अतिशय देखणे, उत्तम श्वास देणारे रेग्युलेटर केवळ या तुकड्यासाठी महिनोन्महिने पडून राहिलेले मी पाहिले आहेत. तेव्हा खरेदीआधी तुमच्या सर्व्हिसवाल्याला फोन करा आणि ‘कुठला चांगला?’ असं न विचारता ‘तुमच्याकडे कुठल्या कंपनीची सुट्या भागांची किट कायम असतात, आणि कुठल्या कंपनीचं प्रशिक्षण तुम्ही घेतलंय?’ असं विचारा. काही कंपन्या दरवर्षी सर्व्हिसिंग सांगतात, काही दोन वर्षांनी किंवा १०० डाइव्हनंतर. चार रेग्युलेटर झाल्यावर हा फरक चांगलाच जाणवतो.

आता रेग्युलेटर सिलिंडरला कसा जोडायचा, त्याकडे येऊ. डिन आणि योक असे दोन प्रकार असतात. इथे मात्र माझं मत ठाम आहे: डिन घ्या. योकमध्ये, म्हणजे ए-क्लॅम्पमध्ये, रेग्युलेटर व्हॉल्व्हवर बाहेरून शिकंज्यासारखा आवळला जातो आणि ओ-रिंग व्हॉल्व्हच्या तोंडावर असते. डिनमध्ये रेग्युलेटर आट्यांनी व्हॉल्व्हच्या आत जातो आणि ओ-रिंग रेग्युलेटरवरच, धातूच्या कोंडीत बसते. जहाजाच्या अवशेषात किंवा गुहेत सिलिंडरचा माथा छताला आपटला, तर योक सरकून ओ-रिंग बाहेर फेकली जाण्याची भीती असते. डिनमध्ये ती जवळपास नाही. योक २३२ बारपर्यंतच चालतो. डिनमध्ये २३२ बारचा पाच आट्यांचा आणि ३०० बारचा सात आट्यांचा असे दोन प्रकार आहेत. सात आट्यांचा रेग्युलेटर दोन्ही व्हॉल्व्हना चालतो, पाच आट्यांचा ३०० बारच्या व्हॉल्व्हमध्ये तळाला टेकतच नाही. म्हणून सात आट्यांचा घ्यायचा. भाड्याचे सिलिंडर योकचे मिळाले तर डिनवर लावायचा योक ॲडॅप्टर मिळतो. तो लावला की फर्स्ट स्टेज थोडी डोक्याच्या बाजूला येते, पण सुट्टीतल्या डाइव्हला तेवढं चालतं. शिवाय हल्लीच्या बऱ्याच व्हॉल्व्हमधला इन्सर्ट षटकोनी किल्लीनं काढला की तोच व्हॉल्व्ह डिनचा होतो.

फर्स्ट स्टेजमधला व्हॉल्व्ह पिस्टननं चालणारा हवा की डायफ्रामनं, म्हणजे लवचीक पडद्यानं, यावर डायव्हर तासन्‌तास बोलू शकतात. मीही बोलते. पण पहिल्या खरेदीपुरतं एवढं पुरे. दोन्हींमध्ये ‘बॅलन्स्ड’, म्हणजे सिलिंडर रिकामा होत गेला तरी मधला दाब टिकवणारा, प्रकार घ्या. साध्या अनबॅलन्स्ड पिस्टनमध्ये सिलिंडर रिकामा होत जातो तसा मधला दाब उतरतो आणि श्वास जड होतो, तोही नेमका डाइव्हच्या शेवटी. बॅलन्स्ड पिस्टनमधून गॅस भरपूर वाहतो आणि हलणारे भाग कमी असतात, पण त्याच्या स्प्रिंगपर्यंत पाणी थेट पोचतं. स्वच्छ, उबदार पाण्यात काही बिघडत नाही. गाळाच्या पाण्यात मात्र गाळ आत जातो, आणि थंड पाण्यात त्याहून मोठी अडचण होते. दाब उतरताना गॅस झपाट्यानं प्रसरण पावतो आणि थंड होतो. पाणी आधीच गोठणबिंदूजवळ असेल तर स्प्रिंगभोवती बर्फ धरतो, व्हॉल्व्ह उघडाच अडकतो आणि रेग्युलेटर फ्री-फ्लो व्हायला लागतो, म्हणजे गॅस आपोआप वाहत सुटतो. सील केलेल्या डायफ्राममध्ये पाणी आतल्या भागांपर्यंत पोचतच नाही.

तुम्ही पुढे गुहा करणार, खाणी करणार की खोल समुद्रातली जहाजं, हे आज तुम्हालाही ठाऊक नसतं. म्हणून मी सील केलेला बॅलन्स्ड डायफ्राम सुचवते. तो कुठेही नेता येतो.

फर्स्ट स्टेजवर कोरलेलं वाचायची सवय लावा, ते फार कमी जण वाचतात. युरोपीय मानकाचा ‘ईएन २५०’ हा शिक्का असतो. त्यापुढे ‘>१०°से’ असं असेल तर तो रेग्युलेटर १० अंशांहून थंड पाण्यासाठी मान्य केलेला नाही. ‘ईएन २५०ए’ असं असेल तर एकाच फर्स्ट स्टेजवर दोघांनी श्वास घ्यायची चाचणी त्यानं पार केली आहे. या ‘ए’चं महत्त्व आकड्यांतून कळतं. ४० मीटरवर एकूण दाब ५ बार असतो. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर घेणारा माणूस तिथे १०० लिटर घेतो. घाबरलेला सहज त्याच्या दुप्पट. असे दोन घाबरलेले एका फर्स्ट स्टेजवर आले तर मिनिटाला ४०० लिटर लागतील. दुकानात तोंडात धरून ‘वा, किती हलका’ म्हणण्याचा या ओढीशी काही संबंध नाही.

आता पोर्ट, म्हणजे फर्स्ट स्टेजवरची नळ्या जोडायची छिद्रं. गंमत अशी की जास्त पोर्ट लागतात ते एका सिलिंडरच्या डायव्हिंगमध्ये. कारण मुख्य सेकंड स्टेज, बॅकअप, इन्फ्लेटर आणि ड्रायसूट (अंग कोरडं ठेवणारा सूट) अशा चारही कमी दाबाच्या, म्हणजे मधल्या दाबाच्या, नळ्या एकाच फर्स्ट स्टेजवरून निघतात. ट्विनसेटमध्ये, म्हणजे पाठीवरच्या जोड सिलिंडरमध्ये, त्या दोन फर्स्ट स्टेजमध्ये वाटल्या जातात. म्हणून कमी दाबाचे चार आणि उच्च दाबाचे दोन पोर्ट असले की तुमची आजची सोय होते आणि पुढचीही. उच्च दाबाचे दोन लागतात ते सिलिंडरचा दाब दाखवणारे दोन गेज लावायला नव्हे. आज एकट्या सिलिंडरवर असलेली फर्स्ट स्टेज उद्या ट्विनसेटच्या डाव्या पोस्टवर, म्हणजे डाव्या व्हॉल्व्हवर, उलटी फिरून बसेल, साइडमाउंटमध्ये उजवीकडे जाईल, तेव्हा गेजची नळी सरळ खाली उतरेल अशा बाजूला पोर्ट हवा.

पोर्टची संख्या मोजण्यापेक्षा त्यांची दिशा बघा. फर्स्ट स्टेज हातात घ्या, ट्विनसेटच्या व्हॉल्व्हवर जशी बसेल तशी धरा आणि प्रत्येक नळी कुठे जाईल याचा माग काढा. नळ्या खाली, पाठीला चिकटून निघाल्या पाहिजेत. पंखासारख्या बाजूला फाकणारी नळी दोरीत, जाळ्यात, गंजक्या पत्र्यात अडकते. टरेट, म्हणजे पोर्ट असलेला फिरता भाग, आणि त्याच्या टोकाला पाचवा पोर्ट असला तर साइडमाउंटमध्ये फार सोय होते. ट्विनसेटला टरेट नसला तरी चालतो, आणि फिरता सांधा नसला की गळायची एक जागाही कमी होते.

नळ्यांवरून लाँग होजचं, म्हणजे लांब नळीचं, सांगायलाच हवं, कारण रेग्युलेटर निवडताना हीच मांडणी डोळ्यांपुढे ठेवायची असते. ही पद्धत फ्लोरिडातल्या गुहांमधल्या डायव्हिंगमधून आली. विल्यम होगार्थ मेन या गुहा-डायव्हरच्या नावावरून तिला होगार्थियन म्हणतात. मुख्य सेकंड स्टेज साधारण २.१ मीटरच्या नळीवर असते. नळी उजव्या बाजूनं खाली, छातीवरून तिरकी वर आणि मानेमागून फिरून तोंडात. बॅकअप सेकंड स्टेज आखूड नळीवर, गळ्यात इलॅस्टिकच्या हारात, हनुवटीखाली. जोडीदाराचा गॅस संपला तर तुम्ही स्वतःच्या तोंडातली सेकंड स्टेज काढून त्याला देता. ती चालते याची खात्री असते, कारण आत्तापर्यंत तुम्हीच तिच्यावर श्वास घेत होतात. मग डोकं जरा खाली करून हारातली तोंडात घेता. लांब नळीमुळे अरुंद जागेतून दोघं एकामागे एक बाहेर पडू शकतात.

विद्यार्थ्यांकडून हे करून घेताना मी त्यांचा उजवा हात बघते. अंगठा पर्जवर न जाता नळीच्या सांध्याजवळ सेकंड स्टेज पकडतो, हात सरळ पुढे जातो, आणि डोकं त्याच वेळी खाली झुकून नळी मानेवरून सुटते. हे अंगवळणी पडलं की दोन सेकंदांचं काम आहे. आणि ते आज, एका सिलिंडरवर, उथळ पाण्यातही शिकता येतं. ओपन वॉटरमध्ये पुष्कळ जण काखेखालून जाणारी दीड मीटरची नळी वापरतात, तीही चालेल. नळ्यांचे आटे जवळपास सगळीकडे सारखेच असतात, त्यामुळे नळ्या नंतर बदलता येतात. पॅकेजमध्ये कुठल्या नळ्या आहेत यावरून रेग्युलेटर निवडू नका.

ट्विनसेटमध्ये कुठली नळी कुठल्या पोस्टवर, यालाही कारण आहे. लाँग होज आणि विंगचा इन्फ्लेटर उजवीकडे, बॅकअप आणि प्रेशर गेज डावीकडे. छताला घासत पुढे जाताना डाव्या व्हॉल्व्हची मूठ बंद होण्याच्या दिशेनं फिरते, उजव्याची उघडण्याच्या. डावी बाजू नकळत बंद झाली तरी तुम्ही श्वास घेत असलेली नळी आणि तरंगणं सांभाळणारी विंग, दोन्ही चालू राहतात. मला ही मांडणी मनापासून आवडते, कारण तिच्यातली प्रत्येक गोष्ट कुणाच्या तरी अडचणीतून ठरलेली आहे.

सेकंड स्टेजबद्दल फार लिहीत नाही. उघडायला सोपी, पर्ज मोठा, आणि शक्य तर दोन्ही एकाच मॉडेलच्या. ‘ऑक्टोपस’ म्हणून विकली जाणारी हलक्या प्रतीची पिवळी सेकंड स्टेज घेऊ नका. लाँग होजच्या पद्धतीत मुख्य सेकंड स्टेज दिल्यावर तुमचा स्वतःचा श्वास त्या बॅकअपवरच असतो.

उच्च दाबाच्या नळीची भीती बऱ्याच जणांना असते, ती फुटली तर सगळं संपलं म्हणून. प्रत्यक्षात त्या वाटेत सुईच्या अग्राएवढं बारीक छिद्र ठेवलेलं असतं, त्यामुळे गॅस तिथून हळू जातो. सिलिंडर भराभर रिकामा होतो तो कमी दाबाची नळी फुटल्यावर. सेकंड स्टेजच्या सांध्याजवळ रबरावर भेगा दिसल्या की ती नळी लगेच बदला, पुढच्या सर्व्हिसिंगची वाट बघू नका.

ऑक्सिजनचा विचार मात्र आत्ताच करा. नायट्रॉक्समध्ये, म्हणजे जास्त ऑक्सिजनच्या हवेत, ऑक्सिजन ४० टक्क्यांपर्यंत असेल तर बरेच नवे रेग्युलेटर आहेत तसे चालतात, पण कंपनीची पुस्तिका काय सांगते ते बघायचंच, काहींची मर्यादा याहून कमी असते. त्यावर गेलं की रेग्युलेटर ऑक्सिजनसाठी साफ केलेला लागतो. तेलाचा, साध्या सिलिकॉन ग्रीसचा अंशही चालत नाही, आणि ओ-रिंगही ऑक्सिजनला चालणाऱ्याच लागतात. टायटॅनियमची फर्स्ट स्टेज हलकी असते, गंजत नाही, दिसतेही सुंदर. पण जास्त ऑक्सिजनमध्ये टायटॅनियम पेटू शकतं, म्हणून ती डेकोच्या (डीकम्प्रेशनच्या) सिलिंडरवर कधीच जाणार नाही. क्रोमचा मुलामा दिलेलं पितळ जड असतं, पण ते सगळीकडे चालतं. टेककडे जाणाऱ्यानं पितळच घ्यावं. युरोपात २२ टक्क्यांहून जास्त ऑक्सिजनसाठी एम२६ हा वेगळा आटा ठरवला आहे. तिथे डायव्हिंग करणार असाल तर डेकोचा रेग्युलेटर घेताना हे विचारा.

नावं विचारल्याशिवाय कुणी सोडत नाही, तर सांगते. सील केलेल्या डायफ्राममध्ये एपेक्स कंपनीच्या डीएस४ आणि डीएसटी आहेत. डीएसटीला टरेट आणि पाचवा पोर्ट आहे, डीएस४ला टरेट नाही. स्क्युबाप्रोची एमके१७ याच जातीतली. बॅलन्स्ड पिस्टन हवा असेल तर त्याच कंपनीची एमके२५, टरेटवर कमी दाबाचे पाच पोर्ट असलेली. यांपैकी कुठलीही घेतलीत तरी मी ‘चूक केलीत’ म्हणणार नाही. तुमच्या सर्व्हिसवाल्याकडे तिसऱ्याच चांगल्या कंपनीची किट असतील, तर त्या कंपनीची सील केलेली डायफ्राम मी वरच्या नावांच्या आधी घेईन.

जुना रेग्युलेटर स्वस्तात मिळतोय, घेऊ का? मॉडेल अजून बनत असेल, किट मिळत असतील, तर जरूर. किंमत ठरवताना पूर्ण सर्व्हिसिंगचा खर्च त्यात धरा आणि सर्व्हिसिंग झाल्याशिवाय पाण्यात नेऊ नका.

मग दोन आत्ताच घ्यावेत का? नाही. आत्ता एकच घ्या, त्यावर लाँग होज आणि गळ्यातला बॅकअप लावा, आणि भरपूर डाइव्ह करा. दुसरी फर्स्ट स्टेज ट्विनसेटच्या कोर्सची तारीख पक्की झाल्यावर. तोवर साइडमाउंटकडे मन वळलेलं असू शकतं, आणि मग नळ्यांची लांबी आणि पोर्टची बाजू वेगळी ठरते. दुसरी आली की दोन्ही एकदमच सर्व्हिसवाल्याकडे न्या. दोन्हींचा मधला दाब सारखा लावून घ्या, मुख्य सेकंड स्टेज हलकी आणि हारातली किंचित जड करून घ्या, म्हणजे ती उगाच फुसफुसणार नाही. ते काम चालू असताना तिथेच थांबा आणि गेजचा काटा स्वतः बघा. तुमच्या रेग्युलेटरचा आकडा किती, हे तुम्हाला पाठ असायला हवं. मधल्या दाबाचा एक छोटा गेज स्वतःच्या पेटीतही ठेवा. इन्फ्लेटरच्या नळीला तो लावायला मिनिटही लागत नाही, आणि मोठ्या डाइव्हच्या आदल्या रात्री, सर्व्हिसवाला अजून उपलब्ध असताना, कळतं की काटा सरकतोय की नाही.